डिस्ट्रो तयार आहे पण नाव ठरत नाहीये, तीन नावांवर अडकलोय

जुनंमशीन

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण पूर्ण वाचून मग मत द्या प्लीज. मी आणि माझा एक मित्र गेले आठ-नऊ महिने डेबियन या फुकट लिनक्सवर एक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आपली वेगळी तयार आवृत्ती, बनवतोय, जुन्या मशीनसाठी, म्हणजे २ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्डडिस्क, ज्यावर नवीन विंडोज चालायचा प्रश्नच नाही आणि लोक टाकून द्यायला निघालेत असे कॉम्प्युटर. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे, नको त्या सर्व्हिसेस बंद केल्यात, देवनागरी फाँट आणि कीबोर्ड आधीच लावून दिलेत, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर मराठीत चार प्रश्न विचारून सगळं सेट करून देणारा एक छोटा प्रोग्राम मित्राने लिहिलाय, तो तर मला फारच आवडतो. आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची फाईल) बनतो, बूट होतो, इन्स्टॉल होतो, ओळखीतले दहा-बारा जण रोज वापरतायत. सगळं झालंय, नाव तेवढं नाही. लोक विचारतात "ते तुमचं लिनक्स द्या ना" आणि पेन ड्राइव्हवर लेबल दिसतं "टेस्ट ७".

नावं अशी आहेत. मित्राला "लघुबंटू" हवंय. त्याचं म्हणणं उबंटू हे लिनक्स सगळ्यांना माहितीय, बंटू ऐकलं की हे काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि आम्ही सुरुवात उबंटूवरच केली होती, डेबियनवर नंतर आलो. मला "पुनर्नवा" आवडलंय, पुन्हा नवी झालेली, जुन्या मशीनसाठी याहून नेमका शब्द मला तरी सापडला नाही. तिसरं "उजळणी", ते एका वापरणाऱ्या ताईंनी सुचवलं आणि ऐकायला गोड आहे.

आता प्रश्न. नावाच्या पुढे लिनक्स लावायचं, ओएस लावायचं का काहीच नाही? आम्ही फुकट देतोय, एक पैसा घेत नाही, तरी ट्रेडमार्कची भानगड आम्हाला लागू होते का? मराठी नाव ठेवलं तर मराठी न येणारे लांब राहतील का? आणि एकजण म्हणाला की आत्ता काहीतरी ठेवून टाका, नंतर बदला. ते मला पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये.

बूटलोडर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर वाटतंय. डिस्ट्रोचं नाव एखाद्या ॲपच्या नावासारखं वरवर चिकटवलेलं नसतं, ते लोकांच्या मशीनमध्ये आत जाऊन बसतं. तुमच्या रिपॉझिटरीचा (जिथून सॉफ्टवेअर उतरतं त्या जागेचा) पत्ता प्रत्येकाच्या सोर्सेस लिस्टमध्ये असतो, ते सॉफ्टवेअर तुमचंच आहे हे तपासणाऱ्या सहीच्या किल्लीचं पॅकेज नावानिशी असतं, बूट पार्टिशनमध्ये फोल्डर असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोकांनी कुठे कुठे विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं जुन्या नावाखाली पडून राहतात. दहा-बारा जण आहेत तोवर बदला, हजार झाल्यावर बदलणं म्हणजे घर बदलल्यासारखं, सामान हलतं पण टपाल वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर येत राहतं.

आता लघुबंटू. हे नाव कृपा करून काढून टाका. उबंटू हा कॅनॉनिकल या कंपनीचा ट्रेडमार्क आहे आणि त्यांच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की "उबंटू" किंवा "बंटू" ने संपणारं, त्यांच्या नावाशी साधर्म्य असलेलं नाव वापरायला त्यांची परवानगी लागते. कुबंटू, झुबंटू, लुबंटू चालतात कारण ते उबंटूचेच अधिकृत फ्लेवर, म्हणजे मान्य आवृत्त्या, आहेत. आणि तुम्ही तर आता डेबियनवर आहात, म्हणजे नाव उबंटूचं आणि आत उबंटू नाहीच, हे वापरणाऱ्याशीही बरोबर नाही.

फुकट दिलं म्हणून ट्रेडमार्क लागू होत नाही हा गैरसमज खूप जणांचा असतो. लायसन्स कोडला असतं, नावाला नसतं. जीपीएल या मुक्त लायसन्सने तुम्हाला कोड घ्यायचा, बदलायचा, वाटायचा हक्क दिलाय पण मूळ प्रोजेक्टचं नाव लावायचा हक्क त्यात येत नाही. मँड्रेक डिस्ट्रो आठवतोय का बघा, १९९८ ला सुरू झालेला, त्या काळात नवख्यांसाठी पहिलं नाव तेच घेतलं जायचं. "मँड्रेक द मॅजिशियन" या कॉमिकवाल्या हर्स्ट कंपनीने हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००५ मध्ये कोनेक्टिव्हा कंपनीबरोबर एकत्र आल्यावर नाव झालं मँड्रिव्हा. लिंडोज या दुसऱ्या डिस्ट्रोचं तर नावच भांडण ओढवून घेणारं होतं. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये केस टाकली, २००४ मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर दिले आणि लिंडोजला नाव सोडून लिनस्पायर व्हावं लागलं. पैसे मिळाले खरे, पण तीन वर्षं ज्या नावावर मेहनत केली ते गेलं. आणि तुम्हाला कोणी २ कोटी देणार नाही, तुम्हाला फक्त एक मेल येईल.

मला आलाय तसा मेल. आम्ही तिघांनी बॅकअपचं एक छोटं टूल काढलं होतं, नाव ठेवताना शोधलं नाही, एका कंपनीच्या प्रॉडक्टचं नाव जवळपास तेच निघालं. चूक आमचीच होती. पण नाव बदलायला, डोमेन, पॅकेज, कागदपत्रं सगळं करायला चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत कोडची एक ओळ कोणी लिहिली नाही. तिघातला एकजण तेव्हाच बाहेर पडला. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

मात्रावेलांटी

ट्रेडमार्कचं बूटलोडर यांनी सांगितलंच, मी तोंडाचं आणि बोटांचं सांगते. पुनर्नवा हा शब्द मलाही खूप आवडतो, अर्थ अगदी चपखल आहे. पण रोमन अक्षरांत लिहून बघा. मधे आर आणि एन शेजारी येतात, आणि बऱ्याच फाँटमध्ये लहान आर-एन जवळ आले की ते एम सारखे दिसतात. म्हणजे वाचणारा वाचणार "पुनामावा". पत्ता बघून टाईप करणारा चुकणार. शिवाय सुरुवातीचे "पन" वाचायचे का "पुन" हे मराठी न येणाऱ्याला कळणार नाही, आणि चार अक्षरांतलं जोडाक्षर ऐन मधे आहे.

उजळणीत तर दोन अडचणी, ळ आणि ण. रोमनमध्ये दोन्हीला स्वतःचं अक्षर नाही, ळ चा एल होतो, ण चा एन होतो, आणि मग ते "उजलनी" होतं. कोणी डबल एल लिहील, कोणी ज साठी झेड वापरेल, कोणी उ साठी यू ऐवजी डबल ओ. एकाच डिस्ट्रोची पाच स्पेलिंग फिरायला लागली की शोधणाऱ्याला काहीच नीट सापडत नाही.

मराठी नाव ठेवू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट ठेवाच. उबंटू हा शब्द झुलू आणि खोसा भाषांमधला, माणुसकी असा त्याचा अर्थ. २००४ मध्ये तो आला तेव्हा जगातल्या किती लोकांना तो शब्द माहिती होता? तरी सगळ्यांनी म्हटला, कारण तोंडात बसतो, बराचसा स्वर व्यंजन स्वर व्यंजन असा चालतो आणि कसाही वाचला तरी फार बिघडत नाही. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत, फक्त ळ, ण, ज्ञ, ऋ आणि च-ज चे दोन उच्चार टाळा. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा आहे हे रोमन लिपीला माहितीच नाही.

एक सोपी परीक्षा सांगते. फोनवर कोणाला तरी नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि टाईप करून पाठवायला सांगा. पाच जणांनी एकच स्पेलिंग पाठवलं तर नाव पास. आणि बाहेरच्या भाषांत त्याचा काही वाईट अर्थ नाही ना हेही बघा. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रामचं नाव एका लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत पण तोच शब्द इंग्रजीत अपंग माणसाला हिणवायला वापरतात, आणि त्या नावावरून २०१९ मध्ये ग्लिम्प्स नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रोजेक्ट, निघाला, तो २०२१ मध्ये बंद पडला पण तोपर्यंत दोन्हीकडच्या लोकांची खूप शक्ती त्यात गेली.

जुनंमशीन

आर-एनचं मी आत्ता लिहून बघितलं, खरंच तसं दिसतंय, आणि हे नाव मी तीन महिने मनात धरून बसलो होतो. वाईट वाटलं पण बरं झालं आत्ता कळलं. मित्राला लिंक पाठवलीय, लघुबंटू त्याने सोडलं. आता तो म्हणतो मग "डेबसाथी" ठेवू, डेबियनचं डेब आणि साथी. हे चालेल का?

शांतपंखा

डेबसाथी बद्दल. डेबियनचा ट्रेडमार्क सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेकडे आहे आणि "डेबियनवर आधारित" असं तुम्ही खुशाल लिहू शकता, ते लिहायलाच पाहिजे. डेब एवढंच घेतलं तर ते डेबियन होत नाही, त्यामुळे कदाचित कोणी हरकत घेणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. ज्याच्यावर उभे आहात त्याचं नाव स्वतःच्या नावात घालू नका, कारण पाया बदलतो. तुम्हीच आठ महिन्यांत उबंटूवरून डेबियनवर आलात की. रास्पबेरी पायच्या सिस्टिमचं नाव आधी रास्पबियन होतं, रास्पबेरी अधिक डेबियन, २०२० मध्ये ते रास्पबेरी पाय ओएस झालं, आणि आजही जुने लेख वाचताना लोक विचारतात की हे दोन वेगळे आहेत का.

तसंच मशीनचा वर्ग पण नावात नको. लघु, लाइट, मिनी, जुनं वगैरे. आज २ जीबी जुनं आहे, दहा वर्षांनी ८ जीबी जुनं असेल, तेव्हा तुमचा लघु केवढा असणार आहे?

आता मशीनच्या बाजूने बघू, कारण नाव माणसांइतकंच मशीनलाही वाचायचं असतं. ईटीसी फोल्डरमध्ये ओएस-रिलीज नावाची फाईल असते, तिच्यात आयडी म्हणून एक ओळ असते. त्यात फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे, टिंब, अंडरस्कोर आणि हायफन चालतात, स्पेस नाही, देवनागरी नाही. नेम आणि प्रिटी नेम या ओळी यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) असतात त्यामुळे तिथे देवनागरी टाकता येतं, पण प्रिटी नेममध्ये टाकू नका, कारण बूट होताना सिस्टिमडी हा सगळं सुरू करणारा प्रोग्राम तेच नाव काळ्या कन्सोलवर छापतं आणि त्या कन्सोलला देवनागरी जोडून दाखवता येत नाही, ठोकळे दिसतील. देवनागरी नाव वॉलपेपरवर, लॉगिन स्क्रीनवर, तुमच्या त्या चार प्रश्नांच्या प्रोग्राममध्ये दिमाखात वापरा, तिथे ते शोभतं.

आयडी बदलला की आयडी-लाइकमध्ये डेबियन लिहायला विसरू नका. बाहेरच्या बऱ्याच इन्स्टॉल स्क्रिप्ट आयडी वाचतात, ओळखीचा नसला तर "ही सिस्टिम चालत नाही" म्हणून थांबतात. आयडी-लाइक असलं की ज्या नीट लिहिलेल्या आहेत त्या तरी पुढे जातात.

ग्रब, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, त्यात एक खड्डा आहे, मी त्यात दोन दिवस घालवलेत. ग्रबच्या सेटिंगमध्ये डिस्ट्रिब्युटर म्हणून नवीन नाव टाकलं की ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या बूटसाठीच्या भागात) त्या नावाचा फोल्डर बनतो. पण सिक्युअर बूटसाठी (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणाऱ्या सोयीसाठी) तुम्ही डेबियनचा सही केलेला ग्रब वापरत असाल तर तो आपली कॉन्फिग फाईल डेबियन नावाच्या फोल्डरमध्येच शोधतो, ते त्याच्या आत पक्कं लिहिलेलं आहे. परिणाम असा की इन्स्टॉल एकदम सुरळीत होतं आणि रीस्टार्ट केल्यावर समोर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट. त्यामुळे नाव ठरल्यावर सिक्युअर बूट चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, दोन्ही तपासा. आयएसओच्या लेबलला ३२ अक्षरांची मर्यादा आहे आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ११ च, म्हणून नाव आणि व्हर्जन मिळून ११ मध्ये बसलं तर पुढे कटकट नाही. डेबियनचा लाइव्ह बूट (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारा) लेबलवर अडून बसत नाही पण फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोच्या लाइव्ह इमेज लेबल बघूनच डिस्क शोधतात, तिकडे लेबल कापलं गेलं की बूटच होत नाही. पाया बदलायची सवय आहे तुम्हाला, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

अर्धविराम

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सगळे जण अर्थपूर्ण नावाच्या मागे लागलेत पण जुन्या आणि टिकलेल्या डिस्ट्रोंची नावं बघा. डेबियन म्हणजे डेब्रा आणि इयन, इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये तेव्हाच्या मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडलं, बास. रेड हॅट हे संस्थापक मार्क युइंग यांच्या आजोबांनी दिलेल्या लाल टोपीवरून. जेंटू आधी इनॉक होता, मग पाण्यात सगळ्यात वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव घेतलं. खुद्द लिनक्सचं तर ते बनवणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सना "फ्रीक्स" ठेवायचं होतं, १९९१ मध्ये ज्यांनी ती फाईल सर्व्हरवर चढवायला जागा दिली त्या आरी लेम्के यांनी फोल्डरचं नाव लिनक्स ठेवलं आणि तेच राहिलं. यातल्या कुठल्याच नावाने आपण काय करतो ते सांगितलेलं नाही. डेबियन म्हटलं की आज "स्थिर, भरवशाचं" असं जे मनात येतं ते तीस वर्षांच्या कामाने त्या शब्दात भरलंय. म्हणून मला वाटतं अर्थ कमी बघा, नाव कोरं असलं तरी चालेल, फक्त ते तुमचं एकट्याचं असलं पाहिजे.

हे लिहिताना रॉकी लिनक्सचंही आठवलं. सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ८ या डिस्ट्रोचा आधार २०२१ च्या शेवटी संपणार असं जाहीर झालं तेव्हा नवीन डिस्ट्रो सुरू करताना ग्रेगरी कुर्ट्झर यांनी सेंटओएसच्या सुरुवातीच्या दिवसांतले आपले दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांचं नाव दिलं. त्या माणसाला आपलं काम एवढं वाढलेलं बघायला मिळालं नाही, पण आज हजारो सर्व्हरवर त्याचं नाव चालतंय. नाव असंही ठेवता येतं.

मात्रावेलांटी

अर्धविराम, तुमचं बरंचसं पटतं, पण डेबियनला कोरं नाव परवडलं कारण तेव्हा डिस्ट्रो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज शेकडो आहेत, नवीन माणूस नाव वाचून दोन सेकंदात पुढे जातो. अर्थ स्वतःच्या भाषेच्या माणसाला लगेच कळावा आणि बाकीच्यांना तो नुसता छान आवाज वाटावा, असं मधलं काहीतरी बघा. जुनंमशीन, तुमच्या पोस्टमध्ये मला जास्त काय आवडलं सांगू, तो मराठीत चार प्रश्न विचारणारा प्रोग्राम. जुनं मशीन हा तुमचा विषय आहेच पण त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला एकटं वाटू नये ही खरी गोष्ट दिसतेय. "सोबत" कसं वाटतं? रोमनमध्ये पाच अक्षरं, एकच स्पेलिंग, जोडाक्षर नाही. इंडोनेशियन भाषेत सोबत म्हणजे मित्र, म्हणजे तिकडेही अर्थ चांगलाच निघतो, आणि नाईल नदीला मिळणाऱ्या एका नदीचं नावही सोबत आहे.

बूटलोडर

सोबत चांगलं आहे, पण नेहमीच्या वापरातला शब्द आहे, सर्चमध्ये हरवेल. इथे लिनक्स शब्द उपयोगी पडेल. नाव "सोबत", आणि पहिल्यांदा उल्लेख करताना "सोबत लिनक्स". लिनक्स हा टॉरव्हाल्ड्स यांचा ट्रेडमार्क आहे पण लिनक्स फाउंडेशनकडून त्याचं उपलायसन्स फुकट मिळतं, अर्ज करून ठेवा. काही जण ग्नू/लिनक्स म्हणा असा आग्रह धरतील, डेबियन स्वतः तसंच लिहितं, आणि त्यामागचं कारणही रास्त आहे, १९८३ पासून ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने जे उभं केलं त्याच्याशिवाय नुसत्या कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) काही झालं नसतं. ते तुमच्या ओळखीच्या पानावर जरूर लिहा, लोगोत बसवायची गरज नाही.

आणि शोधल्याशिवाय जाहीर करू नका. डोमेन मोकळं आहे म्हणजे नाव मोकळं आहे असं नाही. विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, त्यात वर्ग ९ आणि ४२ बघा, सॉफ्टवेअर आणि सॉफ्टवेअरच्या सेवा त्यात येतात. मग डिस्ट्रोंची यादी ठेवणारी डिस्ट्रोवॉच साइट, मग कोड होस्टिंगच्या साइट्स, मग डेबियनच्या पॅकेजच्या यादीत त्या नावाचं पॅकेज किंवा कमांड आहे का. फक्त कंपन्यांचीच नावं आडवी येतात असं नाही, फायरफॉक्सचं बघा, आधी फिनिक्स होतं, ट्रेडमार्कमुळे २००३ मध्ये फायरबर्ड केलं, तर त्याच नावाचा एक मुक्त डेटाबेस आधीपासून होता, ती मंडळी दुखावली, आणि २००४ मध्ये परत बदलून फायरफॉक्स. कायदा राहू द्या, आपल्यासारख्याच कोणीतरी रात्री जागून बनवलेल्या गोष्टीचं नाव घेऊ नये एवढंच.

जुनंमशीन

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने कोणी बघेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री मित्राबरोबर बसलो. "सोबत" म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला त्या प्रोग्रामच्या पहिल्या स्क्रीनवर मी आधीच लिहिलंय, "मी तुमच्यासोबत आहे, घाई नाही". आम्ही दोघंही ती स्क्रीन शंभर वेळा बघून विसरलो होतो.

फोनची परीक्षा केली. सहा जणांना सांगितलं, सहाही जणांनी एकच स्पेलिंग पाठवलं, त्यातल्या दोघांना मराठी येत नाही. पुनर्नवा मी पूर्ण सोडत नाहीये, पहिल्या व्हर्जनचं टोपणनाव तेच ठेवणार, तिथे ते कोणाला टाईप करावं लागत नाही. विपोचा शोध अर्धा झालाय, उरलेला या आठवड्यात संपवतो, काही आडवं आलं तर परत इथेच येऊन विचारेन. शांतपंखा, तुम्ही सांगितलेला ग्रबचा प्रकार आमच्याकडेही निघाला, डिस्ट्रिब्युटर बदलून सिक्युअर बूट चालू करून बघितलं तर समोर नुसता प्रॉम्प्ट. डेबियन फोल्डरमध्ये कॉन्फिग ठेवल्यावर चाललं, पण ज्या मशीनवर आधीच डेबियन आहे तिथे त्याची फाईल आपण पुसणार ना? यावर तुम्ही काय केलंत?

शांतपंखा

हो, पुसली जाते. मी इन्स्टॉलरमध्ये आधी तो फोल्डर तपासतो, फाईल असली तर वापरणाऱ्याला स्पष्ट विचारतो आणि जुनीची कॉपी ठेवतो. स्क्रिप्ट संध्याकाळी टाकतो इथे, नाव बदलून घ्या, त्यात अजून माझ्या डिस्ट्रोचं आहे.